मुक्कामाच्या गाड्या

प्रवासात मुक्कामासाठी जी गाडी बरोबर न्यावयाची ती केवढी झाली म्हणजे तिला मोठी म्हणावे, हा प्रश्न हल्ली पर्यटनाच्या व्यवसायात पडलेल्या मंडळींना अगदी नवा वाटतो. आणि तसा तो वाटणे स्वाभाविकही आहे, कारण जिच्या पोटात शय्या, चूल आणि स्नानगृह ही तिन्ही सामावलेली आहेत अशी मोटार, महाराष्ट्र शासनाने २०२१ साली तिच्याकरिता स्वतंत्र धोरण जाहीर करीपर्यंत, आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. एका आसाची, दोन आसांची, तंबू जोडलेली, घडी घालता येणारी, असे तिचे प्रकार आता सरकारी कागदावर आले आहेत. तिचे नाव मात्र आपल्याला परके नाही. 'कारवान' हा मूळचा फारसी शब्द. उंट, घोडे, व्यापारी आणि त्यांचे रक्षक मिळून जो काफिला वाळवंटातून चाले त्याला तो लावीत. युरोपात गेल्यावर तो आधी काफिल्याचाच वाचक होता, पुढे झाकलेल्या गाड्याचा झाला, आणि शेवटी एकाच कुटुंबाच्या चाकांवरील घराचा होऊन 'कॅरॅव्हॅन' या नावाने आपल्याकडे परतला. म्हणजे शब्दातून तांडा गळून गेला आणि गाडी तेवढी शिल्लक राहिली. भंडारा जिल्ह्याच्या इतिहासात या दोन्ही वस्तू, तांडा आणि गाडी, एकापाठोपाठ एक आलेल्या असल्यामुळे मोठी गाडी कोणती या प्रश्नाचा विचार तेथल्या वाटांवर उभे राहून करणे मला अधिक सोयीचे वाटते.

नागपुराहून पूर्वेस छत्तीसगडाकडे जावयाचे तर वैनगंगा ओलांडल्यावाचून गती नाही. रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांनी १७४१ साली रतनपुरावर अंमल बसविला, तेव्हापासून या वाटेचे राजकीय महत्त्व वाढले. व्यापाराची वाट म्हणून तर ती त्याहूनही जुनी. या वाटेने धान्य नेणारे, मीठ आणणारे लोक म्हणजे बंजारे, आणि त्यांच्या प्रवासात नवलाची गोष्ट ही की त्यात चाक नव्हतेच. बैलाच्या पाठीवर दोहों बाजूंस गोण्या टाकावयाच्या, नायकाने पुढे व्हावयाचे, आणि पाणी व चारा दिसेल तेथे उतरावयाचे. तळ पडला की गोण्यांचीच थर रचून भिंत उभी करीत; तीच त्यांची तटबंदी, तेच कोठार आणि थंडीच्या वाऱ्याला तोच आडोसा. १८०३ सालच्या युद्धात असई आणि अडगाव येथे लढलेल्या इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेला धान्य पुरविण्यात अशाच तांड्यांचा मोठा हात होता. तेव्हा तांडा मोठा की लहान हे बैलांच्या पाठी मोजून ठरे. नदीत उतार असो, जंगलात पायवाट असो, पाठीवरचे ओझे जाईल तेथे तांडा जाई, म्हणून त्याला लांबी होती पण रुंदी नव्हती. आणि पुढे ज्या रुंदीने सगळा घोटाळा केला, ती चाकाबरोबरच या प्रांतात आली.

चाकांवर मुक्काम वाहून नेण्याची खरी हौस राजेलोकांची. अकबराच्या स्वारीचे वर्णन करताना अबुल फजल याने एका छावणीच्या वाहतुकीसाठी १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागतात असे नमूद करून ठेवले आहे, आणि त्याखेरीज हजार फर्रास आणि पाचशे बेलदार निराळे. त्यातही मर्म असे, की असा सरंजाम दुहेरी असे; बादशहा एका तळावर असताना दुसरा संच पुढल्या तळावर उभा राहू लागे, आणि या पुढे जाणाऱ्या संचाला 'पेशखाना' असे नाव होते. ही पद्धत इंग्रजांनी जशीच्या तशी उचलली. गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड १८३७ साली उत्तर हिंदुस्थानात दौऱ्यावर निघाला तेव्हा त्याच्या बरोबर बारा हजार माणसे, ८५० उंट आणि १४० हत्ती होते, असे त्याची बहीण एमिली ईडन हिने लिहून ठेवले आहे. तिच्या पत्रांतून या प्रचंड लवाजम्याविषयी अभिमानापेक्षा वैतागच अधिक दिसतो, आणि तो सर्वस्वी समजण्याजोगा आहे. कारण ज्या गृहस्थाला एका जागी तीन दिवस राहावयाचे, त्याच्या मागून एक शहर चालत असेल तर विश्रांती ही वस्तू त्याला मिळणार कोठून!

भंडाऱ्यात हा थाट इतका मोठा कधी आला नाही, पण त्याची लहान आवृत्ती मात्र दर हिवाळ्यात येऊ लागली. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, पुढल्या वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला, आणि १८६२ पासून सर रिचर्ड टेम्पल यांच्या अमदानीत रस्ते, जमाबंदी आणि दफ्तरे यांचा जो धडाका सुरू झाला त्यात 'दौरा' ही संस्था पक्की झाली. या जिल्ह्याच्या जमाबंदीवरील ए. जे. लॉरेन्स यांचा अहवाल १८६७ चा. गावोगाव हिंडून, शेताचा कस पाहून, मालगुजाराशी, म्हणजे गावच्या जमीनदाराशी, आणि कुळाशी बोलून कागद तयार करावयाचा म्हटल्यावर अधिकाऱ्याला महिनेच्या महिने तंबूत काढणे प्राप्तच होते. पाऊस संपून वाटा वाळल्या की साहेबाची कचेरी भंडाऱ्याच्या इमारतीतून उठे आणि उन्हाळ्याची झळ लागेपर्यंत ती चाकांवरच राही. निजण्याचा एक तंबू, कचेरीचा एक, चाकरांसाठी राहुट्या, मुदपाकाचे पाल, मेजखुर्च्या, दफ्तराच्या पेट्या, कोंबड्यांचे खुराडे, आणि मडमसाहेब बरोबर असतील तर त्यांची पेटाराभर चीनी मातीची भांडी. रात्रीची जेवणे झाली की एक संच उतरून गाड्यांवर चढे, गाड्या चांदण्यात चालू लागत, आणि सकाळी साहेब घोड्यावरून पुढल्या गावी पोचतो तो तेथे खलाशांनी मेखा ठोकून तंबू उभा केलेला असे. अकबराचा पेशखाना असा साकोलीच्या तहसिलीत तीन-चार बैलबंड्यांवर येऊन बसला.

आता या बंडीकडे पाहिले पाहिजे, कारण मोठेपणाची मर्यादा काय ती तिने घालून दिली. भंडारा हा धानाचा मुलूख. येथील शेत म्हणजे बांधांनी तुकडे केलेल्या लहान लहान बांध्यांचा समूह, आणि धान उभे असेपर्यंत त्यातून चाक नेण्याची सोय नाही. कापणी झाली तरी बांधावरून गाडी उडवीत नेणे हे बैलांच्या मानेला आणि गाडीच्या आसाला सारखेच जाचक. म्हणून गाडीने पांदणीतूनच जावयाचे, आणि पांदण म्हणजे दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे आपापल्या बाजूने कुरतडलेली, पावसाळ्यात ओढा होणारी आणि उन्हाळ्यात धुळीची नदी होणारी अशी एक चिंचोळी वाट. येथल्या मातीचे कन्हार, मोरांड, सिहार, बर्डी असे भेद जमाबंदीवाल्यांनी साऱ्याच्या दृष्टीने लिहून ठेवले. पण गाडीवानाचे मत विचारले असते तर त्याने तेच भेद चाक किती रुतते या दृष्टीने सांगितले असते. काळ्या चिकट कन्हारीत आरे बुडेपर्यंत गाडी बसे, आणि ती उपटावयास दुसरी जोडी पुढे जुंपावी लागे. शिवाय धानाच्या मुलखातील बैल अंगाने लहान. चिखलणीला तर पुष्कळ ठिकाणी रेडेच जुंपीत. वर्ध्या-नागपुराकडच्या गवळाऊ बैलांची जी ऐट, ती येथल्या नांगराच्या बैलात शोधू नये. असा बैल, अशी पांदण आणि अशी माती असताना बंडी लांबरुंद करून उपयोग काय? सुताराने साटा चार बोटे वाढविला तर तो सुताराचा अपराध ठरावयाचा.

त्यावर नद्या. वैनगंगा आहेच, पण तिला मिळणाऱ्या सूर, चुलबंद, बावनथडी या नद्यांनी गाड्यांना अधिक सतावले. बावनथडीचे नावच बोलके आहे: ती बावन्न वेळा ओलांडावी लागते म्हणून बावनथडी, अशी लोकांत समजूत. हिवाळ्यात पाणी गुडघ्याखाली उतरते खरे, पण मग वाळू वर येते, आणि वाळूतील चाक हे चिखलातील चाकापेक्षा अधिक हट्टी. तेव्हा उतारावर गाडी थांबवून अर्धे सामान उतरावे, डोक्यावरून पलीकडे न्यावे, रिकामी गाडी ओढून घ्यावी आणि पुन्हा भरावी, असा क्रम. ज्या गाडीला नदीकाठी रिकामी करावे लागत नाही ती लहान आणि जिला करावे लागते ती मोठी, अशी व्याख्या कोणी कायद्यात घातली असती तर ती, माझ्या मते, आजच्या फूट-इंचांच्या व्याख्येपेक्षा अधिक शास्त्रशुद्ध झाली असती.

इंग्लंडात नेमक्या याच काळात हौसेखातर मुक्कामाची गाडी बांधून घेण्याचा पहिला प्रयोग झाला, तो येथे आठवतो. विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाच्या आरमारी डॉक्टराने १८८५ साली ब्रिस्टल येथील वॅगन कारखान्याकडून 'वाँडरर' नावाचे चाकांवरचे घर तयार करविले. लांबी सुमारे १८ फूट, सामानासह वजन दोन टनांच्या आसपास, ओढावयास दोन घोडे. आत पुस्तकांचे कपाट होते, वाद्य होते, आणि डॉक्टरसाहेबांची लेखनसामग्रीही होती. पण रस्त्यावर हे धूड आले म्हणजे समोरून येणाऱ्यांची तारांबळ उडे, म्हणून त्यांचा एक चाकर तीन चाकी सायकलीवर बसून पुढे जात असे आणि वाट मोकळी आहे की नाही ते पाही. इतक्या चांगल्या बांधलेल्या सडका असलेल्या देशातही मोठ्या गाडीला स्वतःपुढे एक लहान गाडी धाडावी लागली! आपल्या दौऱ्यावरही साहेबाच्या पुढे चपराशी जात असेच. पण तो वाट पाहण्याकरिता नव्हे, तर दूध, अंडी, गवत आणि जळण यांची वर्दी मालगुजाराला देण्याकरिता.

येथे गाडीच्या मोठेपणाचे एक निराळेच माप पुढे येते. सरकारी तंबू सरकारचे, पण ते वाहणाऱ्या बंड्या गावच्या. ऐन मळणीच्या हंगामात कोतवाल दारी येऊन उद्या गाडी हजर करण्याचा हुकूम सांगे, आणि कुणबी असो, पोवार असो की कोहळी, खळ्यावर धान पसरलेले असताना त्याला बैल सोडून जू साहेबाच्या सामानाखाली द्यावे लागे. भाडे ठरलेले असे. परंतु ठरलेले भाडे आणि हाती पडलेले भाडे यांच्यामध्ये चपराशी, जमादार आणि कारकून असे तीन उतार लागत, आणि प्रत्येक उतारावर थोडे सामान कमी होई. ही बेगार आणि तिच्या जोडीची रसद यांचा जाच सबंध हिंदुस्थानाला परिचित होता. कुमाऊँमधील लोकांनी १९२१ च्या जानेवारीत बागेश्वर येथे मकरसंक्रांतीच्या जत्रेत बेगारीच्या वह्या शरयू नदीत बुडवून त्याचा शेवट केला. खेड्यातील माणूस साहेबाची थोरवी त्याच्या हुद्द्यावरून ओळखीत नसे, तर त्याला किती गाड्या लागतात यावरून ओळखी. दोन गाड्यांचा साहेब, पाच गाड्यांचा साहेब. आणि जितक्या गाड्या अधिक तितका तो, गावाच्या दृष्टीने, नकोसा.

गाडी पोचल्यावर उतरावयाचे कोठे, या बाबतीत मात्र भंडारा भाग्यवान. कोहळी लोकांनी पिढ्यान्पिढ्या खपून बांधलेले तलाव, त्यांच्या पाळी आणि पाळींच्या आसऱ्याने वाढलेल्या आमराया यांच्यामुळे मुक्कामाला जी जागा लागते ती, म्हणजे पाणी, सावली आणि कोरडी जमीन, या जिल्ह्यात पावलोपावली सापडे. नवेगावबांध, शिवणी, शिरेगाव ही नावे या विद्येची साक्ष देतात. त्यांपैकी नवेगावबांध १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर तिकडे गेले, पण इतिहासाच्या दृष्टीने ते भंडाऱ्याचेच. हिवाळ्यात तलावावर बदके उतरत, तेव्हा जमाबंदीचे काम त्या तलावाकाठी थोडे लांबे, असे कोणी म्हटले तर त्यात निंदेपेक्षा मनुष्यस्वभावाचे ज्ञान अधिक आहे. शेजारच्या शिवनी जिल्ह्यातील अशाच जीवनावर रॉबर्ट स्टर्नडेल या अधिकाऱ्याने १८७७ साली एक पुस्तकच लिहिले, आणि किपलिंगच्या जंगलकथांत वैनगंगा वाहू लागली ती बहुधा त्याच्याच उपकाराने.

आमराईची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. अमेरिकेत मोटारी स्वस्त होऊन लोक अरण्यात मुक्कामास जाऊ लागले, तेव्हा वृक्षरोगांचे अभ्यासक एमिलिओ माइनेके यांच्या ध्यानात आले की झाडे मरतात ती कुऱ्हाडीने नव्हे, तर मुळांवरची माती गाड्यांनी आणि पावलांनी दडपली जाते म्हणून. १९३२ मध्ये त्यांनी सुचविले की मोटारींना वाटेल तेथे हिंडू देऊ नये. वळणदार एकेरी रस्ता करावा, त्याला बाजूस लहान लहान फाटे काढावेत, आणि प्रत्येक गाडीने आपापल्या फाट्यातच उभे राहावे. त्याप्रमाणे तेथील पुष्कळ मुक्कामतळ बांधले गेले. पुढे गाड्या वाढल्या, पण फाटे झाडांच्या मधले असल्याने वाढले नाहीत. म्हणून तेथे आजही मोठी गाडी कोणती याचा निकाल कारखाना देत नाही, त्या काळच्या मोटारीच्या मापाने काढलेला फाटा देतो. आमच्या कोहळ्यांनी असा सिद्धान्त लिहिला नाही. पण पाळीवर चाक चढू द्यावयाचे नाही, गाड्या खाली सोडावयाच्या, एवढे कोणत्याही तलावाच्या गावात पोराला कळे. पाळ खचली तर खालची सारी धानशेती वाहून जाईल याची भीती कायद्याच्या भीतीहून मोठी.

इतका वेळ साहेबांविषयी बोललो; परंतु हौसेचा मुक्काम ही काही त्यांची मिरास नव्हती. दौरा हे शेवटी कामच. ज्याला खरोखर मनोविनोदाचा प्रवास म्हणावा तो कुणब्याच्या घरी महाशिवरात्रीला निघे. तुमसर तालुक्यातील गायमुख आणि तिकडे अर्जुनीकडील प्रतापगड या दोन यात्रांना झाडीपट्टीतली गावेच्या गावे बंड्या जुंपून जात. या प्रवासासाठी बंडीचे रूप पालटे. रोजची बंडी उघडी. तिच्या साट्यावर बुरडाने विणलेल्या बांबूच्या तट्ट्याची कमान बसे, खाली तणसाचा जाड थर, त्यावर वाकळा, मागे धान्याची आणि भांड्यांची शिदोरी, आणि खाली आसाला बांधलेला वंगणाचा नळा. मालगुजाराच्या घरची रेंगी निराळी. हलकी, नक्षीदार, पळणाऱ्या बैलांची, आणि तिच्यात बसणारी माणसे फार तर तीन-चार. पुढे शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जे वेगाचे वेड दिसते त्याचे मूळ या रेंगीच्या बैलांत आहे. पण मुक्कामाला रेंगी कुचकामाची. तिच्यात निजता येत नाही, तिच्यात चूल नेता येत नाही, आणि म्हातारीला पाय पसरता येत नाहीत. म्हणून यात्रेत श्रीमंतही रेंगीमागून एक बंडी आणीत, आणि रात्री मान त्या बंडीचा असे.

तळावर पोचल्यावर बैल सोडून चाकांना बांधावयाचे, जू खाली टेकवावयाचे, किंवा उलट धुरा वर उचलून तिच्यावरून धोतर-लुगड्यांचा आडोसा करावयाचा. तट्ट्याखाली बायका आणि लेकरे, गाडीच्या पोटाखाली पुरुष, तीन दगडांच्या चुलीवर भात, आणि सबंध माळावर शेकडो चुलींचा धूर. अशा वेळी बंडी मोठी म्हणजे काय? एरवी गावात तिची थोरवी किती खंडी धान बसते यावरून सांगत. यात्रेत ती किती लेकरे मावतात यावरून सांगत, आणि दोन्ही ठिकाणी गाडी तीच असे. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईला आणि रात्रभर चालणाऱ्या दंडारीला लोक येत तेही असेच. तेथे तर बंडी हीच बसण्याची जागा, आणि ज्याची बंडी उंच त्याला दंडार अधिक दिसे. नाटकगृहात सज्जाचे तिकीट महाग असते, त्यातलाच हा प्रकार. एवढेच की येथे तिकीट सुताराने दिलेले असे.

लोहमार्ग आला तेव्हा या सर्वाला पहिला धक्का बसला. नागपूर-छत्तीसगड रेल्वेची मीटर मापाची वाट १८८० ते १८८२ या काळात तुमसर, गोंदिया करीत राजनांदगावापर्यंत पोचली. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर कंपनीने पुढे ती घेऊन रुंद केली. पूर्वेच्या सडकेवर भंडारा, लाखनी, साकोली, देवरी असे पडाव करीत चालणारे धान्याचे बैल आणि गाड्या स्टेशनाकडे वळल्या, आणि बंजाऱ्याच्या तांड्याला काम उरले नाही. तरी दौरा टिकला, कारण रेल्वे गावात जात नव्हती. त्याला संपविले मोटारीने. सकाळी निघून संध्याकाळी भंडाऱ्याला परत येता येऊ लागल्यावर तंबूत निजण्याचे प्रयोजन राहिले नाही. डाकबंगले वाढले, तंबू तोषखान्यात गेले, आणि १९५१ साली मालगुजारीच गेल्यावर बंड्या मागविणार कोणाकडून, हा प्रश्नही निकालात निघाला. दौऱ्यावरचा अधिकारी गावाला दिसत असे तसा मोटारीतला दिसेनासा झाला, याची हळहळ करणारे लोक मला भेटले आहेत. बेगारीत गाडी हाकलेल्या घरांतला मात्र त्यांत एकही नव्हता.

पूर्वेची ती सडक आता राष्ट्रीय महामार्ग ५३ झाली आहे, चार पदरी, आणि तिच्यावरून कॅरॅव्हॅन केवढीही आली तरी तिला कोणी मोठी म्हणणार नाही. शेजारून जाणारे लोखंडाचे ट्रक तिच्याहून दुप्पट. परंतु मुक्काम महामार्गावर होत नसतो. तलावाकाठी किंवा नागझिऱ्याच्या बाजूस जावयाचे तर डांबर सोडून खाली उतरावे लागते, आणि खाली पांदण तीच आहे. गायमुखाच्या यात्रेला आता बंडीच्या जागी ट्रॅक्टरची ट्रॉली येते. तिच्यावर तट्ट्याऐवजी लोखंडी कमानी आणि ताडपत्री, खाली मात्र तणसच. पुरुषमंडळी अजूनही ट्रॉलीच्या पोटाखाली निजतात. पांदण रुंद करावी म्हणून ग्रामपंचायतीत अर्ज पडतात तेव्हा किती रुंद, याचे माप कोणी फुटांत सांगत नाही. ट्रॉली भरून आली आणि समोरून दुसरी आली तर कोणाला मागे जावे लागते, तेवढे सांगतात.